चुन्याचं बोट

आमच्या कुळागरात नारळ पाडायला येणारा पाडेली माडावर चढण्याआधी नेमाने एक काम करायचा. डाव्या तळहातावर चिमूटभर तंबाखू, त्यावर डबीतला बोटाच्या टोकाला येईल एवढा चुना. मग उजव्या अंगठ्याने दोन-तीन मिनिटं मळणं, वर दोन थापा मारून भुकटी उडवणं आणि उरलेली चिमूट खालच्या ओठाआड. मी सातवी-आठवीत असेन. विचारलं, ‘चुना कशाला रे?’ तर म्हणाला, ‘बाय, चुन्याबिगर तंबाखू म्हणजे गवत.’

पुढे पणजीत फार्मसी शिकायला गेले. दुसऱ्या वर्षाला सरांनी फळ्यावर हेंडरसन–हॅसलबाल्क असं लांबलचक नाव असलेलं समीकरण मांडलं. निम्मा वर्ग झोपला. मला मात्र त्या लॉगॅरिदमच्या मागे पाडेली उभा दिसला, कारण समीकरण सांगत होतं ते त्याचंच वाक्य होतं. गेली कित्येक वर्षं मी फोंड्याकडे औषधांच्या दुकानात बसते. ते समीकरण मांडायची पाळी कधी आली नाही, पण त्याचा अर्थ गिऱ्हाइकांच्या तक्रारींत रोज भेटतो.

धोतरा, तंबाखू, अफू, कुचला, सदाफुली, सुपारी, मिरी, चहा, कॉफी. यादी वाचून वाटावं की पोलिसांचा पंचनामा आणि वाण्याचं बिल एकमेकांत मिसळलंय. रसायनशास्त्राच्या हिशेबी ही सगळी एका कुळातली. अफूतलं मॉर्फिन, कुचल्यातलं स्ट्रिक्निन, सिंकोनाच्या सालीतलं क्विनीन, तंबाखूतलं निकोटिन हे सगळे एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत वेगळे काढले गेले. १८१९ मध्ये माइस्नर नावाच्या जर्मन औषधशास्त्रज्ञाने या मंडळींना ‘अल्कलॉइड’ म्हटलं, म्हणजे अल्कलीसारखे, आम्लारीसारखे, आम्लाच्या उलट गुणाचे. नाव ठेवताना त्याने नेमकं मर्मावर बोट ठेवलं.

यांच्या प्रत्येक रेणूत निदान एक नायट्रोजन असतो, आणि बहुतेकांत त्या नायट्रोजनकडे इलेक्ट्रॉनांची एक जोडी मोकळी बसलेली असते. आसपास आंबटपणा असला, म्हणजे सुटे प्रोटॉन भरपूर असले, की ही जोडी एका प्रोटॉनला धरते. प्रोटॉन धनभारित, म्हणून अख्खा रेणू धनभारित होतो. आसपास चुन्यासारखं काही असलं की प्रोटॉन निघून जातो आणि रेणू पुन्हा बिनभाराचा. प्रोटॉन बसला, प्रोटॉन उठला. एवढं लक्षात राहिलं तर पुढचं निम्मं काम झालं.

आता तो रेणू जिथे धडकतो ती जागा बघू. आपल्या प्रत्येक पेशीभोवती पेशीपटल असतं. शाळेत ते फुग्याच्या रबरासारखं काढून दाखवतात आणि तिथेच घोटाळा होतो. पटल रबरासारखं नाही, ते माशांच्या हुमणावरच्या तवंगाच्या जास्त जवळचं आहे. लिपिडचे, म्हणजे मेदाचे, रेणू एकमेकांना खेटून उभे असतात. प्रत्येकाला पाण्याची आवड असलेलं एक डोकं आणि पाण्याचा तिटकारा असलेल्या दोन शेपट्या. मग ते दोन थरांत उभे राहतात. डोकी बाहेरच्या आणि आतल्या पाण्याकडे, शेपट्या मध्ये एकमेकींच्या आडोशाला. थर दोनच आहेत हे १९२५ मध्ये गोर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी रक्तातल्या तांबड्या पेशींचा मेद पाण्यावर पसरून ताडलं होतं: मेदाने जागा व्यापली ती पेशींच्या पृष्ठभागाच्या साधारण दुप्पट. पटलाची जाडी पाच नॅनोमीटरच्या आसपास. वहीच्या पानाची जाडी भरायची तर अशी वीसेक हजार पटलं एकावर एक रचावी लागतील. आणि एवढ्याशा जाडीतही रेणू एका जागी ठरत नाहीत. बाजूबाजूने सरकतात, फिरतात, वळवळतात.

खोबरेलाच्या वाटीत मिठाचा खडा टाका. बुडाशी जाऊन बसेल, विरघळणार नाही, कारण मिठातले कण भारित असतात. भारित कणाभोवती पाण्याचे रेणू लगडलेले असतात, आणि ते सोडून तेलात शिरणं त्याला परवडत नाही. कापराची वडी मात्र त्याच तेलात मुकाट विरघळते. प्रोटॉन बसलेला अल्कलॉइड पटलाच्या दारात मिठासारखा वागतो आणि प्रोटॉन उठलेला कापरासारखा. माणूस एकच, ओल्या रेनकोटात आला तर त्याला पडवीतच थांबवायचं, रेनकोट काढला तर घरात घ्यायचं.

हे आकड्यांत बघण्यासारखं आहे. पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा जितका लहान तितका आंबटपणा जास्त. निकोटिनच्या बाबतीत पीएच ८ असेल तेव्हा निम्मे रेणू भारित आणि निम्मे बिनभाराचे असतात. पीएच ७ ला बिनभाराचे शंभरात नऊ. पीएच ६ ला शंभरात एक. उलट दिशेने ९ ला गेलात तर शंभरात एक्क्याण्णव. तंबाखू स्वतः आंबटसर. नुसती तोंडात धरली तर निकोटिन लाळेत उतरेल खरं, पण गालाच्या आतल्या पेशींचं पटल त्याला आत घेणार नाही. बहुतेक थुंकण्यातच जाईल. चुन्याच्या निवळीचा पीएच बाराच्या वर असतो. बोटाच्या टोकाएवढा चुना मळला की त्या चिमटीतलं निकोटिन प्रोटॉन टाकून मोकळं होतं आणि गालाच्या कातडीतून सरळ रक्तात. मधली दोन-तीन मिनिटं अंगठा फिरतो ती उगाच नाही. ‘गवत’ हा शब्द याहून अचूक मलाही सुचला नसता.

चिरूट ओढणारे धूर तोंडात घोळवून सोडतात आणि सिगारेटवाले छातीत ओढतात, त्यामागेही हेच. चिरुटाचा धूर आम्लारीकडे झुकलेला, म्हणून तोंडातूनच काम होतं. सिगारेटचा आंबटसर, म्हणून त्याला फुप्फुसाएवढं विस्तीर्ण मैदान लागतं. चुना निकोटिनचं काम सोपं करतो आणि गालाची आतली बाजूही सोलून काढतो, हे मात्र माझ्या दुकानात तोंडाच्या फोडांवरचं मलम मागायला येणाऱ्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

पटल तेलकट आहे हे कुणी डोळ्यांनी पाहण्याच्या कितीतरी आधी अर्नेस्ट ओव्हर्टन नावाच्या माणसाने ओळखलं होतं. १८९० च्या दशकात तो झुरिचमध्ये जिवंत पेशींत कुठला पदार्थ किती झपाट्याने शिरतो हे चिकाटीने तपासत बसला होता. शेकड्यांनी पदार्थ तपासले, त्यांत अल्कलॉइडही. निष्कर्ष असा की जो पदार्थ तेलात विरघळतो तो पेशीत शिरतो. पुढे बेडकांची पिल्लं वेगवेगळ्या द्रव्यांत सोडून ती किती मात्रेला गुंगतात हे त्याने मोजलं आणि त्या द्रव्यांची ऑलिव्ह तेलातली विद्राव्यता त्याच्या शेजारी मांडली. दोन्ही आकडे हातात हात घालून चालत होते. मला या माणसाचं फार कौतुक वाटतं. सूक्ष्मदर्शकात न दिसणारी भिंत त्याने तिच्यातून कोण आत जातं आणि कोण अडतं यावरून ओळखली.

तंबाखूचा हिशेब सुपारीला तसाच्या तसा लावला तर मात्र फसगत होते. आजीच्या पानाच्या तबकात सुपारी कात्रायचा अडकित्ता, शिंपल्यांच्या चुन्याची डबी, कात असा सरंजाम असायचा. सुपारीतलं मुख्य अल्कलॉइड अरेकोलिन. त्याचा प्रोटॉन निकोटिनपेक्षा सहज सुटतो, म्हणजे लाळेच्या पीएचलाच बरेच रेणू बिनभाराचे असतात. चुना इथे आणखी एक उद्योग करतो. अरेकोलिनच्या रेणूला एक एस्टरची गाठ असते, ती चुना सोडवतो, आणि अरेकोलिनचं अरेकायडिन होतं. अरेकायडिन म्हणजे एकाच रेणूवर धन आणि ऋण असे दोन्ही भार. पटल पार करणं त्याला जड जातं. विडा चघळताना तोंडात एकाच वेळी एक दार उघडत असतं आणि एक बंद होत असतं. पिढ्यान्‌पिढ्या पान खाणाऱ्यांनी पान, चुना, सुपारीचं प्रमाण जिभेवर बसवलं ते कदाचित या दोहोंच्या मधलं काहीतरी असावं. हा माझा अंदाज. अंदाज नसलेली गोष्ट ही, की नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने नोंदवली आहे, आणि सुपारीने गालाची कातडी चामड्यासारखी होऊन तोंड उघडेनासं झालेली माणसं मी पाहिली आहेत. कुळागराच्या घरात जन्म घेऊन हे लिहिताना जरा जड जातं, पण आहे ते आहे.

आता दाताची गोष्ट. माझ्या काकांची दाढ ठणकून गाल टम्म सुजला होता. दाढ काढायला गेले. डॉक्टरांनी बधिर करायचं इंजेक्शन दिलं, दहा मिनिटं थांबले, चिमटा लावला आणि काका खुर्चीतून उठलेच. पुन्हा इंजेक्शन, पुन्हा तेच. घरी येऊन त्यांनी डॉक्टरांना आणि औषध बनवणाऱ्यांना मनसोक्त शिव्या घातल्या: ‘पाणी भरून देतात मेले.’ औषध चांगलं होतं. दोष पुवाचा होता.

बधिर करणाऱ्या औषधांची वंशावळ अल्कलॉइडांपाशीच जाते. १८८४ मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलरने कोकाच्या पानातलं कोकेन डोळ्यात घालून डोळा बधिर करून दाखवला. आज दंतवैद्य वापरतात ते लिडोकेन कारखान्यात बनतं खरं, पण तेही एका वनस्पतीच्या वाटेवरून आलेलं. स्टॉकहोममध्ये बार्लीतल्या ग्रॅमिन नावाच्या अल्कलॉइडचा अभ्यास चालला होता. त्याचा एक जुळा रेणू बनवून जिभेला लावून पाहिला तर जीभ बधिर झाली. त्याच धाग्यावरून निल्स लोफग्रेन १९४३ मध्ये लिडोकेनपर्यंत पोचला. (त्या काळचे रसायनशास्त्रज्ञ काहीही चाटून बघत. आज कुणी असं करू नये.)

लिडोकेनला शिरेच्या, म्हणजे मज्जातंतूच्या, आत जाऊन, कळेचा निरोप पुढे नेणारं सोडियमचं दार आतून अडवायचं असतं. पटल ओलांडताना ते बिनभाराचं हवं, आणि आत पोचल्यावर दार अडवताना भारित हवं. अंगातला नेहमीचा पीएच ७.४. तिथे लिडोकेनचे चौथा हिस्सा रेणू बिनभाराचे असतात, तेवढ्यांवर काम भागतं. एक आत गेला की दुसरा प्रोटॉन टाकून त्याची जागा घेतो. सुजलेल्या, पू झालेल्या जागी मात्र आंबटपणा वाढलेला. पीएच तिथे एकाने खाली आला, ६.४ झाला, तर बिनभाराचे शंभरात तीनच उरतात. बाकीचे सत्त्याण्णव मज्जातंतूच्या दारात रेनकोट घालून उभे. काकांना डॉक्टरांनी आधी अँटिबायोटिक देऊन पाच दिवसांनी बोलावलं. तेव्हा तीच दाढ त्याच औषधाने काकांच्या नकळत निघाली. काकांनी शिव्या मात्र परत घेतल्या नाहीत.

मला शिकताना पडलेला आणि कुणी नीट सोडवून न दिलेला एक प्रश्न होता: झाड स्वतःच्या विषाने का मरत नाही? दारातल्या सदाफुलीत विनक्रिस्टिन आणि विनब्लास्टिन आहेत, पेशीचं विभाजन जागच्या जागी थांबवणारी. पेशीविभाजन तर सदाफुलीलाही करायचंच असतं. उत्तराचा मोठा भाग पुन्हा त्याच प्रोटॉनपाशी सापडतो. वनस्पतीच्या पेशीत मधोमध पाण्याची एक मोठी थैली असते, रिक्तिका. तिच्यातलं पाणी आंबट असतं. अल्कलॉइड बिनभाराचा होऊन थैलीचं पटल ओलांडतो, आत आंबटात पडतो, प्रोटॉन बसतो, आणि आता बाहेर यायची वाट बंद. उंदराच्या पिंजऱ्यासारखं, दार फक्त आत ढकललं जातं. काही झाडांनी याच्या जोडीला अल्कलॉइड आत ओढणारे खास प्रथिनी पंपही ठेवलेत. पण ते पंप चालतात तेही आंबट-गोड्या पाण्यातल्या प्रोटॉनांच्या फरकावरच. मग अळीने पान चावलं की थैली फुटते आणि साठवलेलं सगळं अळीच्या पोटात.

हाच पिंजरा माणसाने मलेरियाच्या जंतूसाठी लावला, न कळत का होईना. गोव्याने मलेरियाचे दिवस चांगलेच पाहिलेत, आणि क्लोरोक्विनची कडूजहर गोळी जिभेला लागलेला माणूस ती चव विसरत नाही. क्लोरोक्विन म्हणजे क्विनीनच्याच नमुन्यावरून बनवलेला रेणू. मलेरियाचा जंतू आपल्या तांबड्या पेशीत बसून हिमोग्लोबिन खातो आणि ते पचवायला एक आंबट थैली ठेवतो, पीएच पाचच्या आसपास. क्लोरोक्विनला प्रोटॉन बसायला दोन जागा आहेत. थैलीत शिरल्यावर दोन्ही भरतात आणि रेणू कायमचा अडकतो. बाहेर रक्तात जेवढं असेल त्याच्या हजारो पट आत साठतं. हिमोग्लोबिन पचवताना जंतूला हीमचा, म्हणजे हिमोग्लोबिनातल्या लोहधारी भागाचा, विषारी कचरा स्फटिक करून बाजूला ठेवायचा असतो, त्या कामात हे औषध पाय घालतं. पुढे जंतूही शहाणा झाला. थैलीच्या पटलातलं एक प्रथिन त्याने असं बदललं की भारित क्लोरोक्विनही त्यातून निसटू लागलं. आपण पिंजरा केला आणि उंदराने मागून भोक पाडलं.

काही अल्कलॉइडांचा भार मात्र कधी उतरतच नाही. नायट्रोजनला चार बंध, कायमचा धनभार, चुना घाला नाहीतर लिंबू पिळा. दारुहळदीतलं पिवळंजर्द बर्बेरिन असलं. तोंडाने घेतलं तर आतड्यातून रक्तात फारच थोडं जातं, बहुतेक आतड्यातच राहतं. जुलाबावर ते वापरात आलं यात नवल नाही, काम तिथेच होतं. दक्षिण अमेरिकेतले शिकारी बाणाला कुरारे लावत. बाण लागला की प्राणी लुळा पडून मरतो, आणि शिकारी त्याचं मांस निर्धास्त खातो, कारण कुरारेतलं भारित विष आतड्याच्या पटलातून आत येत नाही.

या बाबतीत धोतऱ्याची कहाणी गोव्याचीच आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला आणि राहिला. पणजीच्या चर्चसमोरच्या बागेला त्याचं नाव होतं. १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने हिंदुस्थानातल्या औषधी लिहून काढल्या, त्यात धोतराही आहे. जेवणातून धोतरा खाऊ घालायचा, घरचं माणूस भान हरपून हसत सुटतं, आणि चोर दागिने घेऊन पसार. धोतऱ्यातली अॅट्रोपिन आणि हायोसिन ही अल्कलॉइडं रेनकोट काढू शकणाऱ्यांतली आहेत. मेंदूभोवतीच्या रक्तवाहिन्यांची पटलं फार घट्ट, पण बिनभाराच्या रेणूला तीही अडवत नाहीत, म्हणून भ्रम होतो. आता पोटात मुरडा आला की डॉक्टर लिहून देतात ते हायोसिन ब्युटिलब्रोमाइड बघा. हायोसिनच्याच नायट्रोजनवर रसायनशास्त्रज्ञांनी चार कार्बनची एक शेपटी चढवली, आणि त्याचा भार कायमचा केला. आतड्याची कळ थांबते, मेंदूकडे फिरकतही नाही. उलट प्रवासात उलटी होऊ नये म्हणून कानामागे लावायची पट्टी असते, तिच्यात साधं हायोसिन, कारण तिथे कातडीही ओलांडायची असते आणि मेंदूही गाठायचा असतो. चोराचं हत्यार तेच. एका नायट्रोजनच्या अवस्थेवरून त्याने कुठपर्यंत जायचं ते ठरलं.

इथपर्यंत पटल म्हणजे नुसतं दार होतं. पण काही रेणू दारातून जात नाहीत, ते दाराच्या लाकडातच घर करतात.

पोफळीवर चढलेल्या मिरवेलीचंच घ्या. मिऱ्यातलं पायपेरिन १८१९ च्या सुमारास एर्स्टेडने वेगळं काढलं. हो, तोच एर्स्टेड, ज्याने पुढे तारेतून वीज सोडून होकायंत्राची सुई हलवून दाखवली. पायपेरिनमधला नायट्रोजन आपली जोडी शेजारच्या अणूंना देऊन बसलेला, त्यामुळे प्रोटॉन धरायला तो फारसा राजी नसतो. मिरचीतलं कॅप्सेसिनही तसंच. ते अल्कलॉइडांच्या पंगतीत कडेला बसणारं. दोघांनाही तेल प्रिय. खोल्याची मिरची चावून वर पाणी पिणाऱ्या पाहुण्याचे हाल आपण सगळ्यांनी पाहिलेत. कॅप्सेसिन जिभेच्या पेशींच्या पटलात मुरून बसलेलं असतं, पाण्याला ते दाद देत नाही. सोलकढी प्यायली की बरं वाटतं, त्याचं श्रेय लोक सोलांना देतात. माझ्या मते काम नारळाच्या रसातली चरबी करते, सोलं फक्त रंग आणि नाव मिळवतात.

कॅप्सेसिन बसतं ते ट्रिपव्ही-वन नावाच्या प्रथिनावर. हे मुळात उष्णता ओळखणारं प्रथिन, म्हणून तिखटाला आपण ‘जाळ’ म्हणतो. डेव्हिड ज्युलियसच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये ते शोधलं आणि २०२१ मध्ये त्याला नोबेल मिळालं. पण मला जास्त आवडतो तो पुढचा भाग. प्रथिनाची सूक्ष्म रचना पाहिली तेव्हा कळलं की कॅप्सेसिनच्या जातीचे रेणू ज्या खोबणीत बसतात ती खोबण मुळात रिकामी नसतेच. तिथे पटलातलाच एक लिपिड रेणू ठाण मांडून असतो आणि दार बंद ठेवतो. हे रेणू पाण्याच्या बाजूने न येता पटलाच्या मेदातून सरकत येतात, त्या लिपिडला उठवतात, त्याच्या जागी बसतात, आणि दार उघडतं. सारस्वताच्या पंगतीत कुणाला पाटावरून उठवण्याइतकीच ही गंभीर बाब, नाकाडोळ्यांतून पाणी येतं ते उगाच नाही.

आणि काही जण लाकूडच फोडतात. कोंब आलेला, साल हिरवी पडलेला बटाटा आई काटेकोरपणे बाजूला काढायची. त्यातलं सोलॅनिन आणि चॅकोनिन यांना एका अंगाला स्टिरॉइडसारखा अल्कलॉइडचा सांगाडा आणि दुसऱ्या अंगाला साखरेचे मणी. आपल्या पटलात लिपिडांच्या मधोमध कोलेस्टेरॉलचे रेणू असतात, पटल फार पातळही होऊ नये आणि फार ताठही होऊ नये म्हणून. सोलॅनिन-चॅकोनिन नेमके कोलेस्टेरॉलला जाऊन चिकटतात, त्याला ओढून एकेका जागी गोळा करतात, आणि पटलाला भोकं पडतात. ओकाऱ्या, पोटदुखी. उकडल्याने हे विष जात नाही. जाड साल काढली तर बरंचसं जातं, पण फार हिरवा झाला असेल तर गाईलाही घालू नका, खतात टाका.

पेशीही हात जोडून बसत नाही. कळलावीचं फूल पावसाळ्यात कुंपणावर पेटल्यासारखं दिसतं, तिच्या कंदात कोल्चिसिन आहे. १९७६ मध्ये जुलियानो आणि लिंग कोल्चिसिनला न जुमानणाऱ्या हॅमस्टरच्या पेशी तपासत होते. त्यांच्या पटलात एक प्रथिन खच्चून भरलेलं आढळलं. त्याला पी-ग्लायकोप्रोटीन म्हणतात. तेलातून आत शिरू पाहणारे रेणू ते पटलाच्या मेदातच गाठतं आणि बाहेर फेकतं, एटीपी हे पेशीचं इंधन जाळून. दारावरचा राखणदार नव्हे, दाराच्या लाकडात दडलेला राखणदार. कर्करोगाच्या पेशींनी याची पैदास वाढवली की विनक्रिस्टिन, विनब्लास्टिन आत टिकेनाशी होतात, आणि एका औषधाने मुरलेली गाठ दुसऱ्या चार औषधांनाही दाद देत नाही.

पश्चिम घाटात नरक्या नावाचं एक लहानखुरं झाड आहे. फुलांना घाण वास, म्हणून नाव असं. १९६६ मध्ये एका चिनी झाडातून अमेरिकेत कॅम्प्टोथेसिन नावाचं कर्करोगविरोधी अल्कलॉइड वेगळं झालं, आणि १९७२ मध्ये ते आपल्या या नरक्यातही भरपूर असल्याचं दिसलं. तेव्हापासून झाडाच्या मागे कुऱ्हाडी लागल्या त्या लागल्याच. या रेणूची गोम अशी की त्याच्या टोकाला एक कडी आहे. कडी बंद असेल तर औषध, उघडली तर जवळपास निकामी. आणि रक्ताच्या पीएचला ती उघडते. पण तोच रेणू लिपिडच्या थरात शिरून बसला तर पाण्यापासून दूर राहतो आणि कडी बंद राहते. आतापर्यंत अडसर वाटलेलं तेल इथे आसरा झालं.

यावरून आणि त्या जुन्या पिंजऱ्यावरून मिळून जे औषध बनवतात ते मला सगळ्यांत देखणं वाटतं. लिपिडचे दोन थर पाण्यात घोळवले की ते आपोआप वळून पोकळ गोळ्या होतात, लायपोसोम. एका अर्थी नुसतं पटल, आत पेशी नाही. या गोळ्यांच्या पोटात आंबट पाणी भरायचं आणि बाहेरच्या पाण्यातला आंबटपणा काढून टाकायचा. मग बाहेर विनक्रिस्टिन किंवा कॅम्प्टोथेसिनच्या घराण्यातलं इरिनोटेकान सोडायचं. रेणू बाहेर रेनकोट काढतो, दोन थर ओलांडतो, आत आंबटात प्रोटॉन बसतो आणि अडकतो. काही वेळात औषधाचा फार मोठा हिस्सा गोळ्यांच्या पोटात गेलेला असतो, कुणी सुईने भरलेला नसताना. फार झिरपू नये म्हणून विनक्रिस्टिनच्या गोळ्यांत स्फिंगोमायलिन नावाचा मेद आणि कोलेस्टेरॉल यांचं जरा घट्ट पटल घेतलं होतं. असं लायपोसोममधलं इरिनोटेकान २०१५ मध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मंजूर झालं.

मागच्या महिन्यात पाडेल्याचा मुलगा दुकानात आला होता, बापासाठी निकोटिनच्या च्युइंगगमची चौकशी करायला. तंबाखू सोडायचं मनावर घेतलंय म्हणे. मी पाकीट दिलं आणि बजावलं, चघळण्याआधी पंधरा मिनिटं आणि चघळताना कॉफी, सोडा, लिंबूपाणी काही नाही, तोंड आंबट झालं तर औषध लागू पडणार नाही. गममध्ये सोडियम कार्बोनेट घातलेलं असतं, लाळ आम्लारी करायला. हे त्याला सांगितलं तर तो हसला. म्हणाला, ‘म्हणजे ह्यातबी चुना हायच.’